चार ओळींची जागा

ही हकीकत लिहायचं मी आजवर टाळलं. कुणी विचारलंच, तर "मालकांनी करायला लावलं" असं सांगून विषय बदलायचो. ते खोटं होतं. मालक वारले, त्यामुळे खोडून काढायला कुणी उरलं नाही, आणि मला ते सोयीचं पडलं. आता वय ऐंशीच्या पुढे गेलंय. खरं काय झालं ते लिहितो.

"मुन्शीजी, कापी में दूध नईं है."

आमच्या प्रेसचे कंपोझिटर इस्माईलभाई माझ्या टेबलासमोर उभे होते. एका हातात मूळ हस्तलिखित, म्हणजे कॉपी. दुसऱ्या हातात मी नुकतीच लिहून दिलेली चिठ्ठी.

"मी घातलंय ते," मी म्हणालो.

"बाईने नईं लिखा?"

"नाही. तुम्ही जुळवा."

"हौ," ते म्हणाले. पण लगेच गेले नाहीत. "अच्छी खासी खतम हुई थी कहानी," असं पुटपुटले आणि मग गेले.

इस्माईलभाईंना मराठी वाचता यायचं, बोलायचे दखनीत. पन्नाशीचा माणूस. त्यांना जे दिसलं ते मला दिसलं नाही. मी चोवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला साहित्यिक समजत होतो.

प्रेस बिदरला होता. पोलीस ॲक्शनला तीन वर्षं झाली होती, हैदराबाद संस्थान भारतात आलं होतं, आणि देशातली पहिली निवडणूक तोंडावर होती. आमच्याकडे उर्दू मजकूर दगडावर छापायचा, मराठी आणि कानडी खिळ्यांवर. खिळा म्हणजे शिशाचं एकेक सुटं अक्षर. कंपोझिटर लाकडी खणांतून खिळे वेचून ओळी जुळवतो. त्याचा एक कच्चा छाप काढतात, त्याला प्रुफ म्हणतात. ते वाचून चुका दाखवणं माझं काम. शिवाय मालक एक मराठी मासिक काढायचे, त्याचं संपादनही माझ्याच गळ्यात. संपादक म्हणून नाव मालकांचं. त्यांना सगळे अण्णा म्हणत.

त्या वर्षी आमच्याकडे मतदार यादीचं काम आलं. चिटगुप्प्याच्या बाजूच्या काही गावांची कच्ची यादी. यादीचं प्रुफ दोघांनी वाचायचं असतं. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं प्रुफावर नजर ठेवायची. तीन दिवस आमचं ते चाललं होतं. "भीमराव शंकर, चाळीस. भीमरावची बायको, पस्तीस. भीमरावची आई, साठ. काशिनाथ मल्लप्पा, बावीस. काशिनाथची बायको, अठरा."

नावं लिहून घेणारा दारात उभा राहायचा आणि घरातल्या कर्त्याला विचारायचा, बाया किती? कर्ता ओट्यावर बसून सांगायचा, माझी बायको, थोरल्याची बायको, माझी म्हातारी. परक्या पुरुषाला घरातल्या बाईचं नाव सांगत नसत. बाईही स्वतः सांगत नसे. सासरी बसलेलं नाव एक, माहेरचं दुसरं, आणि दोन्ही हाक मारायला कुणी वापरत नसे. हे सगळीकडेच होतं. मला त्यात काही खटकलं नाही. तीन दिवस मी शेकडो माणसांच्या बायका वाचल्या आणि एका वेलांटीचीही चूक राहू दिली नाही. यादी अगदी निर्दोष छापली गेली.

मग सरकारनं सांगितलं, अशा नोंदी चालणार नाहीत. बाईनं स्वतःचं नाव द्यावं, नाहीतर नोंद कापली जाईल. दुरुस्तीला थोडे दिवस दिले होते.

त्याच सुमारास एका रविवारी मथुराबाई प्रेसवर आल्या. चिटगुप्प्याच्या मुलींच्या शाळेत त्या शिकवायच्या. माहेर उदगीरकडचं, वय तिशीचं. त्यांचे दोन लेख आमच्या मासिकात येऊन गेले होते. मी त्यांना अक्का म्हणायचो. बाईमाणूस प्रेसवर येत नसे. त्या आल्या आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसल्या. मशीन चालवणारा माणूस मशीन थांबवून उभाच राहिला.

"चालू द्या की," त्या त्याला म्हणाल्या. "मला बघून शाई वाळायलीय का?"

त्यांनी पिशवीतून यादीचं एक पान काढलं. चावडीवर लावलेल्या यादीवरून उतरवून आणलं होतं. बोट ठेवून दाखवलं. गणपतरावची बायको, वय तीस.

"ही मी," त्या म्हणाल्या. "तुम्हीच वाचलंत न्हव्हं हे?"

"व्हय, अक्का."

"चांगलं वाचलंत. एक चूक न्हाई त्यात."

मी मान खाली घातली. मग त्यांनी गोष्ट काढली. शाळेच्या वहीची सोळा पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली.

ती गोष्ट आज कुठंही मूळ रूपात नाही, म्हणून आठवते तशी सांगतो. एक शाळामास्तरीण सकाळी हजेरीचं पुस्तक उघडते. दोन पानं चिकटलेली असतात. ती नखानं सोडवते, तर आतल्या पानावर शंभर वर्षांनंतरची तारीख. ती वाचते, आणि समोरच्या मुली बदललेल्या असतात. हजेरी घेताना प्रत्येक मुलगी आपलं नाव, मग आईचं नाव सांगते. कुणी लाजत नाही, हसत नाही. मास्तरीण गाव बघायला निघते. गाव काही स्वर्ग झालेलं नसतं. कचेरीत खिडकीमागं कारकून पुरुषच असतो आणि त्याचा चहा चालू असतो. हा तपशील वाचून मी मोठ्यानं हसलो होतो.

ती कारकुनाला म्हणते, मला परत जायचंय. तो वही काढतो. "नाव?" ती सवयीनं म्हणते, अमक्याची बायको. "असं नाव वहीत नाही. बाई, नाव सांगा." तिच्यामागं रांग लागलेली. वळून बघते तर रांगेत तिच्याच गल्लीतल्या बाया, तिची सासू, सासूची सासू. सगळ्या अडकलेल्या. कुणालाच परत जाता येत नाही, कारण कुणाचंच नाव वहीत नाही. ती आठवायला लागते. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव आठवतं, ते तिचं नव्हतं. त्याच्या आधीचं काय होतं? बराच वेळ जातो. मग ती नाव सांगते, मोठ्यानं, मागच्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल असं. आणि ती आपल्या वर्गात उभी असते. मुली विचारतात, "बाई, आज पहिलं नाव कुणाचं?" ती म्हणते, "माझं."

इथं गोष्ट संपत होती. मी आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचलं. इतका चांगला शेवट मोजक्याच वेळा वाचला.

"दोन गोष्टी सांगते," अक्का म्हणाल्या. "एक, या टायमाला माझं नाव घाला. 'एक भगिनी' नको."

आमच्या मासिकात बाईनं लिहिलेलं सगळं 'एक भगिनी' या नावानं छापायची पद्धत होती. बाईची बदनामी होऊ नये म्हणून, असं आम्ही म्हणायचो. ज्यांची बदनामी वाचवायची त्यांना आम्ही कधी विचारलं नव्हतं.

"घालतो," मी म्हणालो.

"दुसरं, हे दुरुस्तीची मुदत संपायच्या आधी निघाया पायजे. आमच्या गल्लीत नऊ बाया हाईत. नाव द्या म्हणलं की सासऱ्याकडं बघायल्यात. सासरा म्हणतो, कामून द्यायचं? मी सांगितलं की ते नुसतं मास्तरणीचं बोलणं होतंय. छापलेलं असलं की म्हातारे ऐकत्यात. मी घरोघर जाऊन वाचून दाखवणार हाय."

"अंक वेळेत काढतो."

"आणि बदलू नका काही."

"काना-मात्रा सोडून काही बदलणार नाही, अक्का."

हे मी म्हणालो. या शब्दांत म्हणालो.

अंकाचा शेवटचा फर्मा शुक्रवारी लागला. फर्मा म्हणजे एकदम छापायची आठ पानं, लोखंडी चौकटीत आवळून बसवलेली. अक्कांची गोष्ट शेवटच्या पानावर संपत होती आणि खाली चार ओळींची जागा मोकळी राहत होती. असं नेहमी होतं. अशा जागेत पानपूरक टाकतात. एखादं फूल, वेलबुट्टी, नाहीतर दोन ओळींचा सुविचार. फुलांचे ठसे माझ्या टेबलाच्या खणातच होते.

अण्णा जाता जाता वाकून बघून म्हणाले, "दिगंबर, खाली जागा राहायलीय बघ. भरून काढ काहीतरी."

एवढंच. "काहीतरी" म्हणजे फूल, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. ही गोष्ट अण्णांनी वाचलीसुद्धा नव्हती. त्यांच्या माथी मी पुढं जे मारलं ते सगळं या एका वाक्याच्या जोरावर.

मी फूल टाकलं नाही. मला वाटलं, गोष्ट जरा अधांतरी राहते. शंभर वर्षं पुढं गेलेली बाई खरोखरच गेली आणि आली, असं लोकांनी मानायचं? वाचक विचारतील, हे कसं शक्य आहे? त्यांना समजेल असा शेवट हवा. शिवाय थोडा विनोद हवा, म्हणजे जड वाटणार नाही. बाईच्या लिहिण्याला पुरुषाचा हात लागला की ते नीट होतं, ही समजूत मला कुणी शिकवली नव्हती. ती हवेतच होती. मी लिहिलं:

"इतक्यात तिला जाग आली. चुलीवरचे दूध उतू जाऊन सारे घर करपट वासाने भरले होते. 'अगो बाई!' म्हणून ती पदर खोचून स्वयंपाकघराकडे धावली."

बरोबर चार ओळी. मला त्याचा अभिमान वाटला. जागेत मजकूर तंतोतंत बसवणं ही आमच्या धंद्यात कला समजतात.

इस्माईलभाई दूध कुठून आलं विचारायला आले ते याच वेळी. नावाच्या जागी त्यांनी कॉपीप्रमाणे 'मथुरा' जुळवलं होतं. मी ते प्रुफावर कापलं आणि समासात 'एक भगिनी' लिहिलं. का? काही कारण नव्हतं. अनुक्रमणिकेत आधीच 'एक भगिनी' छापून झालं होतं आणि दोन ठिकाणी दोन नावं नकोत. प्रुफ वाचणाऱ्याला विसंगती सहन होत नाही. नावं मागणारी गोष्ट मी बिननावाची छापली, आणि ती विसंगती मला दिसली नाही.

अंक वेळेत निघाला. दिलेला शब्द मी तेवढा पाळला.

पुढच्या आठवड्यात अक्का पुन्हा आल्या. या वेळी बसल्या नाहीत. अंक माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"माझी बाई झोपली कवा?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही.

"जाग आली म्हणून लिहिलंत. जाग यायला आधी झोपावं लागतंय. सोळा पानांत ती कुठं झोपलीय, दाखवा मला."

"अक्का, वाचकांना पटावं म्हणून..."

"कोणत्या वाचकांना? माझ्या सासऱ्यांना पटलं. लई पटलं. मी वाचायच्या आधी त्यांनीच अंक उघडला, शेवटचं पान काढलं आणि वट्ट्यावर बसून चौघांना वाचून दाखवलं. पोट धरून हसले. मी घरोघर गेले. तिसऱ्या घरी म्हातारा म्हणतो, वाचलंय आम्ही, मास्तरीण. सपान पडलं होतं तिला. तुमचं दूध बघा आधी, उतू जायलंय. सगळ्या गल्लीत आता तेच. मी दिसले की म्हणत्यात, दूध, दूध."

मी अंक पुढं ओढला आणि शेवटचं पान उघडलं.

"आणि नाव?" त्या म्हणाल्या. "सासरे विचारायलेत, ही भगिनी कोण? मी म्हणाले, मी. तर म्हणतात, मग नाव कामून न्हाई घातलं? लाज वाटली व्हय? बघा, लिहिणारीलाच नाव द्यायची लाज वाटायलीय, आमच्या सुनांनी कामून द्यावं?"

एवढं बोलूनही त्या रडल्या नाहीत. नंतर सरळ कामाचं बोलल्या.

"दुरुस्तीला अजून आठ दिवस हाईत. एक चिठ्ठी छापून द्या. शेवटच्या चार ओळी लेखिकेच्या न्हाईत, आणि माझं नाव. नऊ प्रती पुरे."

पुस्तकात चूक राहिली तर शुद्धिपत्र छापून आत चिकटवतात. त्या तेच मागत होत्या. इस्माईलभाई खणांपाशी उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "दो घंटे का काम है, मुन्शीजी. मैं अभी बिठा देता."

मी अण्णांकडे गेलो. अण्णांना म्हणालो की बाई शुद्धिपत्र मागतायत. चार ओळी मी घातल्या हे सांगितलं नाही. म्हणालो, शेवट त्यांना आवडला नाही.

"गोष्टीचं कुठं शुद्धिपत्र असतंय व्हय रे?" अण्णा म्हणाले. "आकडा चुकला, नाव चुकलं तर गोष्ट वेगळी. आवडलं न्हाई म्हणून कोण छापतंय?"

नावच चुकलं होतं. तेवढं एक वाक्य मी बोललो असतो तर अण्णांनी चिठ्ठी छापू दिली असती. ते हट्टी नव्हते. पण मग त्यांनी विचारलं असतं, चुकलं कसं? आणि ते मला नको होतं. मी बाहेर आलो आणि अक्कांना सांगितलं, "अण्णा नाही म्हणतात."

इस्माईलभाईंनी माझ्याकडे बघितलं. मग खणांकडे वळले. पुढं तीन वर्षं आम्ही एकत्र काम केलं, पण त्यांनी मला परत मुन्शीजी म्हटलं नाही. "ओ साब" म्हणायचे.

अक्का म्हणाल्या, "बरं." अंक उचलला आणि गेल्या.

निकाल असा लागला. नऊ बायांपैकी एकीनंही नाव दिलं नाही. नऊ नोंदी कापल्या गेल्या. अक्का मात्र एकट्या तहसिलात गेल्या आणि स्वतःचं नाव सांगितलं. लिहून घेणाऱ्यानं नवऱ्याला घेऊन या म्हटलं, तर म्हणाल्या, नाव माझं हाय, त्यांना काय ठाव? निवडणुकीत त्या गल्लीतून मत द्यायला गेलेली बाई एकच. हे मला नंतर चिटगुप्प्याच्या एका दुकानदारानं कौतुकानं सांगितलं. कौतुक ऐकून घ्यायलाही मला तोंड नव्हतं. आज विचार केला की संताप येतो. यादी करणाऱ्यांचा येतो, ओट्यावर हसणाऱ्यांचा येतो, आणि सगळ्यात जास्त त्या चोवीस वर्षांच्या हुशार पोराचा येतो. बाकीचे निदान उघड आडवे आले. मी आपला माणूस होऊन आडवा आलो.

संस्थान मोडून आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला तेव्हा मासिक बंद पडलं होतं. मी गुलबर्ग्याला दुसऱ्या प्रेसमध्ये लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. हे सगळं पुरलं गेलं असं मी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी गुलबर्ग्यातल्या एका मराठी मंडळानं स्मरणिका काढली. जुन्या मासिकांतलं निवडक साहित्य त्यात होतं. त्यात ही गोष्ट होती. खाली 'एक भगिनी' आणि कंसात 'लेखिका अज्ञात'. प्रकाशनाला मी पहिल्या रांगेत बसलो होतो, जुना मुद्रक म्हणून मला शाल द्यायची होती. एका प्राध्यापकांनी भाषण केलं. म्हणाले, त्या काळी एका अनाम भगिनीनं भविष्यात जाणारी बाई कल्पिली, हे थोर. पण खरी गंमत शेवटात आहे. दूध उतू जातं! आपल्या मर्यादांवर इतकं खेळकरपणे हसणारी लेखिका विरळाच.

सभागृह हसलं. बायकाही हसल्या. मी शाल घेतली आणि घरी आलो.

म्हणून लिहून ठेवतो. लेखिका अज्ञात नाही. तिचं नाव मथुरा. ती आपल्या मर्यादांवर हसली नव्हती, तिनं मर्यादा मानलीच नव्हती. दूध माझं आहे. ज्यांच्याकडे ती स्मरणिका असेल त्यांनी शेवटच्या चार ओळींवर काट मारावी. आणि धंद्यातल्या नव्या लोकांना एक सांगतो. चूक असेल ती दुरुस्त करा. आपल्या डोक्यात बसत नाही ते सगळं चूक नसतं. खाली जागा राहिली, तर राहू द्या.

अक्का मला त्यानंतर एकदाच भेटल्या, हुमनाबादच्या बस स्टँडवर. बरीच वर्षं झाली होती. केस पिकले होते, त्या हेडमास्तरीण झाल्या होत्या. त्यांनीच मला ओळखलं.

"दिगंबर न्हव्हं तुम्ही? आता काय वाचायलात?"

"सरकारी कामं असतात, अक्का. फॉर्म, पावत्या."

"बरं हाय. त्याला शेवट लावावा लागत नसंल."

त्या हसल्या. टोमणा होता की सहज बोलल्या, मला कळलं नाही. चिटगुप्प्याची बस लागली. गर्दी होती. त्या चढल्या आणि खिडकीपाशी बसल्या. मी खाली उभा होतो. 'अक्का, चुकलो' एवढंच म्हणायचं होतं. ते तोंडाशी आलेलं होतं. त्यांची पिशवी खालीच राहिली होती. मी ती खिडकीतून वर दिली आणि म्हणालो, "सांभाळून जा."